सरांची फरशी आणि कूलरचा करंट

"कूलरला हात लावला की झटका बसतो हो भाऊ. काल पोरगी चिकटता चिकटता वाचली," सिस्टर सांगत होत्या.

जाफराबादमधलं किरायाचं सुटं घर. सिस्टर दवाखान्यात नोकरीला, पोरगी चार वर्षांची. मालक रिटायर हेडमास्तर, राहायला जालन्यात. सिस्टरनी तीनदा फोन केल्ता. उत्तर एकच, "चप्पल घालून हात लावत जा." वा रे गुरुजी! लेकराला येऊन सांगा की हे.

मी वायरमन. कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला, पेटला. म्हणजे मोटरचा करंट पत्र्यात उतरला होता. असा करंट अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून घराला अर्थिंगची तार असते. बल्बची एक वायर फेजला, म्हणजे करंटच्या तारेला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब पेटायला पाहिजे. बिलकुल पेटला न्हाई, म्हणजे अर्थिंग बंद. आधी कूलरचा प्लग काढला आन् मालक सरांना जालन्याहून बोलावून घेतलं.

"सर, अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?"

"फरशीखाली. अंगण चांगलं दिसत नव्हतं."

उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकावं लागतं, न्हाईतर माती कोरडी पडून अर्थिंग मरतं. सरांनी त्याच्यावर चकचकीत फरशी बसवलेली.

"आन् ईएलसीबी?" करंट गळाला की हा स्विच आपोआप पडतो. बोर्डात त्याची जागा रिकामी होती, वायरी सरळ जोडलेल्या.

"तो सारखा पडायचा. किरायदार रोज डोकं खायचे. काढून टाकला, तक्रार बंद!"

हे छाती फुगवून सांगितलं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"फरशी फोडावी लागंल."

"नवीकोरी हाय रे!"

"मंग चप्पल काढा आन् लावा कूलरला हात."

प्लग काढलाय, हे मी सांगितलं न्हाई. सरांनी पोरीकडं पाह्यलं, कूलरकडं पाह्यलं आन् दोन्ही हात खिशात घातले.

"फोड," म्हणाले.

कूलरची मोटर बदलली, नवा खड्डा केला, ईएलसीबी बसवला.

पावसाळ्यात सरांचा फोन. "अरे, तो स्विच परत पडला म्हणं. काढून टाकू का?"

मी आधी सिस्टरकडं गेलो. पाणी तापवायचा रॉड बादलीत चालू होता आन् पोरीनं त्यात हात घातल्ता. स्विच पडला म्हणून लेकरू वाचलं. सिस्टर तिला कुशीत घेऊन नुसत्या रडून राह्यल्या होत्या.

सरांना फोनवर तेवढंच सांगितलं.

तक्रारी कमी करायच्या तर बिघाड काढावा, स्विच काढू नये. एवढं एका हेडमास्तरला शिकवायला वायरमन लागला.