होसकोटेचं जहाज आणि माझ्या जॅकेटचा पट्टा

समुद्र सोडून तीन हजार फूट वर चढायचं आणि तिथे जहाज बघायचं, असा उलटा प्रवास माझ्या भावजींनी माझ्या गळ्यात घातला. माझी भाची केतकी बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातली नोकरी सोडून जवळच्याच होसकोटेच्या एका संस्थेत खलाशाचं शिक्षण घेते आहे. तिच्या वडिलांची, म्हणजे भावजींची, एकच अट होती : रत्नागिरीचे मामा येऊन बघतील, ते सुरक्षित म्हणाले तरच जहाजावर जायचं.

मी बंदराच्या कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्या भांडवलावर माझ्या बहिणीने सासरी माझी कीर्ती कुठवर नेली होती, ते मल्लेश्वरमला तिच्या घरी पोचल्यावर कळलं. भावजींचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं. "मेहुणे, स्वल्प (थोडी) कॉफी घ्या," म्हणत त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "हे समुद्र कोळून प्यायलेत."

मला पोहता येत नाही, हे सांगायची वेळ खरं तर तीच होती. मी बेण्णे दोसा (लोणी घातलेला डोसा) तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी आधी मेट्रो, मग बस. महादेवपुऱ्यात बस इतका वेळ खोळंबली की कंडक्टरला गप्पांना माणूस हवा झाला. "एल्लिगे (कुठे)?" त्याने विचारलं. होसकोटेला जहाज बघायला, असं मी सांगितल्यावर तो काळजीने हिंदीत म्हणाला, "साहब, उधर तो सिर्फ फॅक्टरी है."

पण जहाज होतं. सिमेंटचं, नुसतं डेकपुरतं, शेजारी नाचणीचं शेत. केतकी तिथे एका लोखंडी पत्र्यावर हातोडी चालवत होती.

"मामा, गंजावरच रंग लावला तर गंज पत्र्याला आतून खातो. आधी ठोकायचं, घासायचं, मग प्रायमरचा हात, मग रंग."

"इथे समुद्र नाही, मग गंज कुठून आणता?"

"रोज मिठाचं पाणी शिंपडतो."

आमच्याकडे गंज घालवण्यात लोकांची हयात जाते. इथे तो पाणी घालून वाढवतात. मी मनसोक्त हसलो. हसू फार टिकलं नाही, कारण तिचे शिक्षक, कारवारचे एक निवृत्त सारंग (खलाशांचे मुकादम), मला पोहण्याच्या टाकीकडे घेऊन निघाले. "रत्नागिरीचे ना तुम्ही? मग पहिली उडी तुमची."

मी लाइफ जॅकेट चढवलं आणि पायजम्याच्या नाडीसारखी सुरगाठ मारली. केतकीने ती सोडली, पट्टा आवळला आणि सैल नाही ना, म्हणून खाली दोन बोटं घालून बघितली.

"केतकी, मला पोहता येत नाही," मी हळूच म्हणालो.

"गाठ बघूनच कळलं, मामा. नको असेल तर राहू दे. यायचं असेल तर मी आधी उतरते. एका हाताने नाक धरा, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबा, नाहीतर ते वर येऊन हनुवटीवर बसतं. उडी नाही मारायची. समोर बघून पाऊल टाकायचं."

ती पाण्यात गेली, जागा मोकळी असल्याची खात्री केली आणि हात वर केला. मी पाऊल टाकलं. नाकातोंडात पाणी गेलं. वर आलो तेव्हा तिने मागून जॅकेटची पट्टी धरली होती. त्या क्षणी मला ती पोर माझ्यापेक्षा मोठी वाटली.

संध्याकाळी भावजींनी शेजाऱ्यांदेखत विचारलं, "मग मेहुणे? सुरक्षित आहे का?"

"समुद्र कधीच सुरक्षित नसतो," मी म्हणालो. "आणि मला पोहता येत नाही. तरी आज तिच्या भरवशावर मी पाण्यात उतरलो. तिला जाऊ द्या."

भावजींनी हातातली कॉफी खाली ठेवली. "मग पस्तीस वर्षं बंदरात केलंत काय?"

"शिक्के मारले."

बहिणीने कपाळाला हात लावला. भावजी केतकीकडे वळले. "सरी (बरं). पण प्रत्येक बंदरातून फोन करायचा."

रत्नागिरीला परतल्यावर घरी जायला खाडी ओलांडावी लागते. होडीतलं जॅकेट मी आजवर उशाला घेत आलो होतो. या वेळी ते अंगात घातलं.

"भाऊ, बेंगळुरूला जाऊन पाण्याला घाबरायला शिकलात?" नावाडी हसला.

"घाबरत आधीपासूनच होतो. सांगायला तिथे शिकलो," मी म्हणालो. मग दुसरं जॅकेट त्याच्या अंगात चढवलं, पट्टा आवळला आणि खाली दोन बोटं घालून बघितली.