शिवाप्पाचं हरलेलं मशीन

सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तेवढ्यात इचलकरंजीहून साडूच्या पोराचा फोन आला. "काका, आप्पा गेले." मी म्हटलं, "कुठं?" ...तसंच तोंडातनं निघून गेलं. शिवाप्पा म्हणजे माझा साडू, माझ्या गिरिजाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्हा लिंगायतांत बसवून माती देतात. कपाळाला विभूती लावून बसवलेला शिवाप्पा बघितला आणि वाटलं, आता हा मान वळवून म्हणणार, "साडू, मी काय म्हणालतो?"

जन्मभर त्यानं तेच म्हटलं. माझं कोल्हापुरात कॅसेटी भाड्यानं द्यायचं दुकान, त्याचं लग्नाच्या शूटिंगचं. नव्वदच्या सालांत मी कपाटं भरून कॅसेटी घेत होतो, तर हा म्हणाला, थांब, सीडी येतीय. आली. सीडीत पैसे घातले तर म्हणाला, डीव्हीडी. तीबी आली. आणि घरात गिरिजाचं एकच पालुपद, "दाजींना इचारा की!" पंखा बिघडला तरी दाजी, पोरीला स्थळ आलं तरी दाजी. मी नवरा होतो का पोटभाडेकरू, कळायचं नाही.

पुढं एकदम स्वच्छ चित्राच्या नव्या डिस्का निघाल्या, त्याबी दोन जातीच्या. एक एचडी डीव्हीडी, दुसरी ब्ल्यू-रे. जुनी डीव्हीडी दोन्ही मशीनवर चालायची, पण ह्या दोघींचं एकमेकींशी जमायचं नाही. शिवाप्पाच्या पुतण्यानं परदेशातनं त्याला एचडी डीव्हीडीचं मशीन आणून दिलं. आमच्याकडं जेवायला आला आणि भाकरी मोडत सुरू झाला.

"सरळ हिशेब हाय साडू. ही डिस्क जुन्याच कारखान्यात निघती, थोडी मशिनरी बदलली की झालं. ब्ल्यू-रेचा वरचा थर पातळ, त्याच्यावर कडक लेप, सगळं नवं बसवाय लागतंय. ज्या मागावर बारीक पोत निघतोय तो मोडून नवा माग कोण घेतंय?"

"पण ब्ल्यू-रेत जास्त मावतंय की," मी म्हटलं. मला त्यातलं तेवढंच ठाऊक होतं.

"मावंना का! पोती चार, आणि गोदाम कशाला बांधतोस?"

गिरिजा हसली. "दाजींचं पटतंय बघा," म्हणाली, आणि भाजी त्याच्या ताटात आधी पडली. मी तिथंच ठरवलं, ब्ल्यू-रे. तो ब्ल्यू-रे म्हणाला असता तर मी दुसरं घेतलं असतं.

पोरीच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं आणि पुतण्याच्या लॅपटॉपवर आपल्या त्या एचडी डीव्हीडीत भरलं. त्याच थंडीत गिरिजा गेली. तिचे दिवस होऊन गेले आणि बातमी आली, एचडी डीव्हीडी बंद पडली, सिनेमावाले ब्ल्यू-रेकडं गेले. स्वस्त असून हरली! जन्मात पहिल्यांदा माझं खरं आणि शिवाप्पाचं खोटं. घरात वळून बघितलं, तर सांगायचं कुणाला? जिच्या तोंडनं "तुमचं बरोबर निघालं" ऐकायचं होतं तीच नाही...

आणि माझ्या जिंकलेल्या मशीनला पोरीच्या लग्नाची ती डिस्क चालत नव्हती. हालती-बोलती बायको बघायची तर इचलकरंजीची एसटी धरायची आणि साडूच्या दारात उभं राहायचं. "ये साडू," तो म्हणायचा, "आलास व्हय बायकू बघायला?" डिस्क लावून द्यायचा आणि स्वतः बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचा. मी डोळे पुसून उठेपर्यंत आत यायचा नाही. त्याचाबी मला राग यायचा. चांगुलपणातबी हाच पुढं!

माती झाल्यावर पोरानं मशीन माझ्या हातात दिलं. "आप्पा म्हणालते, हे काकांचं." आता ते माझ्या घरात, ब्ल्यू-रेच्या डोक्यावर बसलंय, खाली जागा नाही. रोज चहा झाला की लावतो. हळदीच्या दिवशीची गिरिजा मांडवात येते, पदर सारखा करते आणि कॅमेऱ्याकडं बघून विचारते, "दाजी, नीट दिसती न्हवं मी?" मागनं ह्याचा आवाज, "ब्येस!"

तिकडं आता दोघांची गाठ पडली असंल. तिथंबी ती त्यालाच इचारत असंल. इथं मात्र रिमोट माझ्या हातात आहे. तिचं विचारून झालं, की त्याच्या "ब्येस"च्या आधी मी आवाज बंद करतो आणि खुर्चीतनं सांगतो... "दिसतीस की गिरिजा. नीट दिसतीस."