चिकट बोटाची फेक

पातं हातातून सुटलं की सगळ्यांच्या माना फळीकडे वळत. आमचे अण्णा मात्र फेकणाऱ्याच्या बोटांकडे बघत राहत. पातं रुतलं की पडलं, याचं त्यांना काही नसे. "फळी काय सांगणार? बोटं सांगतात," म्हणत.

अण्णा मूळचे निपाणीचे; जन्म गेला कानडी मुलखात, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर. कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरकडून ते शुरिकेन, म्हणजे वीतभर लांबीचं टोकदार पोलादी पातं, फेकायला शिकले. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी एका रिकाम्या प्लॉटवर जाड फळ्या उभ्या करून शिकवत. मी लातूरकडची, आठवीत शाळा सुटलेली, पीण्यात पॅकिंगला लागलेली. कुणी कानडीत काही विचारेल या धास्तीनं रस्त्याच्या कडेकडेनं चालायची. मराठी कानावर आलं म्हणून थबकले, इतकंच. "ये की गं आत, उन्हात काय उभी?" अण्णा म्हणाले. या गावात मला आत बोलावणारा तो पहिला माणूस.

त्यांच्या फेकीत पातं गरगरत नाही. टोक वर धरायचं, हात वरून खाली आणायचा. वाटेत पातं सावकाश समोर वळतं आणि रुततं. माझं वळायचंच नाही. टोक वर तसंच ठेवून फळीवर आपटे आणि खाली. "तर्जनी सोडवत नाही तुला. चिकट बोट आहे," अण्णा हसत. "असू दे. स्वल्प थांब, त्याचीही जागा असेल."

मग प्लॉटवर बांधकाम निघालं. येलहंक्याला एका कराटेच्या सरांची लांबलचक शेड होती. सर म्हणाले, "तुमचा हात ठाऊक आहे, अण्णा. शिष्याचा दाखवा, मग रविवार तुमचा." नाहीतर वर्ग बंद. अण्णांनी मला पुढे केलं.

"हिला?" मागून कुणीतरी कुजबुजलं. मलाही तेच विचारायचं होतं.

पहिलं पातं आपटून पडलं. दुसरंही.

"मागं सर गं!" अण्णा ओरडले. मी सरले. "अजून!"

"अहो, जवळून जमेना, लांबून काय मारणार?" सर हसले.

"बघा तर. हिचं पातं उशिरा वळतंय. त्याला लांब पल्ला पाहिजे."

माझी पाठ दाराला टेकली. घामेजलेला हात ओढणीला पुसला, वर नेला, खाली आणला. बोट नेहमीसारखंच रेंगाळलं. खट्! पातं फळीच्या मधोमध. पुढचं त्याला खेटून. त्याच्या पुढचंही! इतक्या लांबून आमच्यापैकी कुणाचंच आजवर रुतलं नव्हतं. पोरांनी पत्रे दणाणून सोडले. सरांनी पातं उपटायला दोन्ही हात लावले. "सरी, ठीक आहे अण्णा," म्हणाले, "रविवार तुमचा."

पुढे अण्णांचा खांदा उचलेना, तेव्हा ते निपाणीला मुलाकडे निघाले. बसच्या खिडकीखाली मी रडत विचारलं, "अण्णा, मला येईल का हो शिकवायला?"

"मी तुला विचारलंय का? रविवारी शेड उघड."

उघडली. सगळे माझ्याहून वयानं मोठे, शिकलेले.

"ओळीत उभे राहा," मी म्हणाले.

आणि ते उभे राहिले.