विहिरीवरची काच

खालापूरकडच्या डोंगरात आमच्या कंपनीच्या दगडखाणी होत्या आणि ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत माझ्या टेबलावर पाटी होती, 'पर्यावरण व ग्रामसंपर्क'. नाव केवढं भारदस्त! काम एवढंच की डोंगरही फुटावा आणि गावानं ओरडूही नये. तरी मी ते मनापासून करायचो, हे सांगायला आज लाज वाटते.

नव्या सुरुंगांची जागा ठरली ती नेमकी आमच्याच वस्तीच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना लांब उभं राहावं लागे; कुणी वरून ओतलं तर पाणी मिळे. धर्मांतरानंतर वडिलांच्या पिढीनं ते सोडलं आणि ही विहीर स्वतः खणली. वस्ती भडकली. "खान लांब न्या, नायतर आमी आडवं पडू!" मी शिकलेला, तोडगा काढला. कठड्याला एक जुनी चीर होती. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं बसवायची. बांधकाम केसभर हललं तरी काच तडकणार, आणि काच तडकली की सुरुंग बंद. साहेबांकडून हे लेखी घेतलं. त्या कागदातलं अक्षरन् अक्षर माझं.

माझी आत्या वस्तीत सगळ्यांत कडक. ती म्हणाली, "तुज्या कंपनीवर माजा इस्वास नाय. तुज्यावर हाय. बसव काच."

ठरल्या दिवशी दुपारी भोंगा झाला. लाल निशाणवाल्यांनी वाट अडवली, वस्ती माळावर जमली. एकदम जमीन हादरली, अगदी गुडघ्यांपर्यंत. धूळ खाली बसायच्या आत मी धावत सुटलो. काच शाबूत! बोट फिरवून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. एक रेघ नाही. कुणीतरी पाठ थोपटली आणि मीही फुगलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या ऑफिसच्या फाटकावर हजर. ती तिथं कधी येत नसे. "चल रं माज्यासंगं," एवढंच बोलली. विहिरीवर जाऊन तिनं पोहरा सोडला. दोर संपत आला तरी पाण्याचा आवाज नाही. मग चिखलात धप्प. खालचा खडक फुटून झरा भलतीकडेच गेला होता. अरे मूर्खा, विहीर म्हणजे काय नुसता कठडा? त्या कागदात पाण्याबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता.

तसाच ऑफिसात गेलो. आत्या मागोमाग आली, फाटकाशी थांबली. साहेब रागावले नाहीत, हेच वाईट.

"काच फुटली का?"

"नाही, पण पाणी गेलं, साहेब."

"ठरलं होतं ते काचेचं ना?" म्हणत त्यांनी सहीसाठी दुसरा कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ: 'विहिरीच्या बांधकामास कोणतेही नुकसान नाही.' खोटं त्यात काहीच नव्हतं. पेन धरून बसलो. नोकरी, घरातली पोरं, सगळं डोळ्यांपुढे आलं. भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो आणि सही केली.

"काय लिवलंस?" मी बाहेर येताच फाटकाशी आत्यानं विचारलं.

"विहिरीला काही झालं नाही, असं."

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण ती वळली. घरी गेली, हंडा घेतला आणि इतक्या वर्षांनी गावच्या विहिरीची वाट धरली.