साहेबरावांचा निर्जळी उपास

आमचे भाया साहेबराव, म्हणजे माझ्या मालकांचे थोरले बंधू, दुधाच्या बाबतीत फार सचोटीचे. डेअरीच्या कॅनमध्ये पाण्याचा थेंब घालणार नाही, अशी त्यांनी राजूरच्या गणपतीपुढं शपथ घेतलीय. घालतही नाहीत. जे काही पाणी दुधात घालायचं, ते सगळं वासराच्या बादलीत.

होळीनंतर त्यांची गाय गवरी व्याली, कालवड झाली. भायांनी गल्लीत पेढे वाटले, कालवडीच्या गळ्यात पितळी घंटी बांधली, मोबाईलच्या स्टेटसला फोटो ठेवून खाली लिहिलं, ‘लक्ष्मी आली’. या लक्ष्मीला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध मिळायचं आणि त्यात दोन तांबे हौदाचं गार पाणी.

“अवं, तिला नुसतं पाणीबी ठेवा की जरा,” माझ्या जाऊबाई सगुणाबाई म्हणायच्या.

“दुधात पाणी असतंच, वरून मी घालून राह्यलो. आता काय विहिरीत सोडू का तिला?”

उन्हं तापली तशी कालवड हौदाखालची ओली माती चाटायला लागली. दूध संपलं की रिकाम्या बादलीत तोंड घालून बसायची. भाया कौतुकानं म्हणायचे, “कसं गुणाचं लेकरू! बादली घासायचंबी काम ठेवत न्हाई.”

मग तिला हगवण लागली. भायांनी लगेच निदान केलं, पाणी जास्त झालं. दूध बंद, पाणी बंद.

“आतलं पाणी बाहेर येऊन राह्यलं, त्यात आणखी ओतू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेलेले, नाक कोरडं ठाक, उभं राहायची ताकद नाही. भायांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी चतुर्थी. त्यांनी हात जोडले, “ही उभी राहीस्तोवर मीबी पाण्याला शिवणार न्हाई.” आणि निघाले राजूरला, पायी.

मीही रोज देवाला दिवा लावते. पण देवानं डोकं फक्त टोपी घालायला दिलंय, असं मला वाटत नाही.

भायांची पाठ वळताच सगुणाबाईंनी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीण शीतल मॅडम स्कूटीवर आल्या, कालवडीला सलाईन लावलं आणि आम्हा दोघींना खडसावलं. दुधात पाणी कालवायचं नाही. दूध निर्भेळ आणि कोमट द्यायचं, हगवणीतही तोडायचं नाही. मध्ये मध्ये मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. आणि साधं स्वच्छ पाणी वेगळ्या भांड्यात दिवसभर तिच्यापुढं पाहिजे.

“पाणी तोडलं कुणी?”

“आमच्या मालकांनी,” जाऊबाई म्हणाल्या.

“बोलवा त्यांना.”

“ते निर्जळी उपासाला गेलेत. हिच्यासाठीच.”

मॅडमनी सलाईनची बाटली नीट केली. मग त्यांना हसू आवरेना.

दुपारी भायांना जीपमधून घरी आणलं. देवळाच्या रांगेत उन्हानं चक्कर येऊन ते खाली बसले होते. फुलं विकणाऱ्या बाईनं डोक्यावर पाणी ओतलं आणि तोंडाला तांब्या लावला, तो त्यांनी रिकामाच करून दिला. ओट्यावर पडल्या पडल्या सांगायला लागले, “जीभ टाळूला चिकटल्ती. पायातलं बळच गेल्तं बिलकुल.”

“एका सकाळीत?” जाऊबाई म्हणाल्या. “तिनं तर जन्मल्यापासून काढलं.”

भाया ऐकत नव्हते. ते गोठ्याकडं बघत होते. कालवड पुढच्या गुडघ्यांवर रेटा देत उठली, डुगडुगली आणि उभी राहिली.

“पावला! गणपती पावला! उपास लागू पडला बघ!”

मग त्यांना तिच्यापुढची भरलेली बादली दिसली. “हे पाणी कुणी ठेवलं?”

“मी,” जाऊबाई म्हणाल्या. “तुमचा उपास सुटला, मंग तिचाबी सोडला.”

कालवड फुरफुर करत पीत होती, तिकडं भाया बघत राहिले. मग उठले, बादली तिच्या आणखी जवळ सरकवली, आणि वासरापुढं पाणी ठेवायचा गणपतीचा हुकूम झालाय, हे सांगायला गल्लीत गेले.

सगुणाबाई म्हणाल्या, “सांगू द्या,” आणि दूध कोमट करायला चुलीकडं वळल्या.