उतारावर लावलेला ट्रॅक्टर

इकडे झरी जामणीत जुना छोटा ट्रॅक्टर असलेला माणूस गाडी सपाटीवर लावत नाही. उतार बघायचा, तोंड खाली करायचं, चाकाला दगड लावायचा. बॅटरी दमलेली असते. सकाळी दगड काढला, गाडी घरंगळली, क्लच सोडला की इंजिन धरतं. मीही तेच शिकलो.

माझं गाव उमरखेडच्याही पुढं, पैनगंगेच्या पलीकडं. सातवीत शाळा सुटली. सोयाबीन काढणाऱ्या टोळीबरोबर इकडे आलो आणि काकूंनी राहू दिलं म्हणून राहिलो. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. नवरा गेल्यापासून शेत एकट्या बघतात. त्यांनी गोठ्याशेजारची खोली दिली. पुढं मी हा कितव्या हातचा कुणास ठाऊक असा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा त्याला जागाही दिली. त्यामुळं त्यांच्या पिकाची धास्ती मला स्वतःच्या पिकासारखीच लागते.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्यांच्या सोयाबीनची गंजी वावरात उभी, मळणीयंत्र माझ्याच ट्रॅक्टरवर चालायचं, आणि वणीकडून आभाळ भरून येत होतं. भिजलं तर दाणा काळा पडतो. मी दगड काढला. गाडी घरंगळली, धरली, दोनदा खोकली आणि उताराच्या पायथ्याशी बंद पडली. टाकीत डिझेल तळाला गेलेलं. तोंड खाली असल्यानं ते सगळं पुढं जमलं आणि मागच्या नळीत हवा शिरली. बॅटरीसाठी केलेला उपाय टाकीनं असा उलटवला.

बैलजोडी घेऊन चाललेला शेजारी थांबला.

"काय गा, आज झोपली का तुही गाडी?"

"हवा घेतली भाऊ. डिझेल आहे का तुमच्याकडं?"

"पाण्याच्या इंजिनचं आहे कॅनमधी. पण वर कोण नेईन इले? बैलंच लावा लागतीन." तो हसला. "माह्या बैलाईले कायले सांगू, बापा? म्हणतीन, हे आमचंच काम घ्याले आलतं ना!"

काकू बांधावर उभ्या होत्या. "हासू नका रे, आभाळ पाहा!"

कॅन रिकामा केला. पान्हा लावून मी हवा काढली. नळीतून बुडबुडे यायचे थांबले, तेव्हा शेजाऱ्यानं मागं कासरा नाही, साखळी बांधली आणि बैलांनी ट्रॅक्टर उलटा उतारावर चढवला. बिचारी जनावरं तोंडाला फेस येईपर्यंत ओढत होती. या खेपेला इंजिन धरलं आणि धरून राहिलं.

मळणी सुरू झाली, पण वेळ गेलाच होता. अर्ध्याहून जास्त गंजी निघाली आणि टपोरे थेंब आले. उरलेल्यावर ताडपत्री ओढली. वाऱ्यानं तिचा कोपरा उडवला, आम्ही तिघं त्यावर बसलो, तरी खालून पाणी शिरलंच. तो माल काळा पडणार हे तिघांनाही कळत होतं.

पाऊस ओसरल्यावर काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता खोली रिकामी करायला सांगतील. त्या म्हणाल्या, "उद्या ऊन पडलं तं चालू होईन का रे हा?"

"होईल काकू."

"पक्कं?"

मी गाडीकडं पाहिलं. "नाही," म्हणालो.

"मंग आज याईच्या बैलाईले सरकीची ढेप देऊन ठेवतो," त्या म्हणाल्या आणि चिखलातून घराकडं चालू लागल्या.