एका बाजूला मोर, एका बाजूला कोंबडा

पहिलं महायुद्ध पेटायच्या थोडं आधी जव्हारच्या शिंपी आळीत गोजाबाई नावाची एक बाई राहत होती. रंगाने सावळी, अंगाने आडवी, आणि हसली की समोरच्या घरातलं तान्हं मूल दचकून उठायचं. सुई कुठे ठेवायची, तर अंबाड्यात. सुईमागे रेशमाचा धागा लोंबतच असे. त्यामुळे बाजारातून जाताना तिच्या पाठीवर कधी हिरवी, कधी लाल शेपटी हलताना दिसे, आणि आज कोणाच्या घरचं भरतकाम चाललंय ते सगळ्या गावाला आधीच कळे.

तिचा हात तान्ह्या बाळांच्या कुंच्यांवर बसलेला होता. जव्हारात मूल जन्मलं की पाचवीच्या आत गोजाबाईकडे निरोप जायचा. पाठीवर रुळणाऱ्या कुंचीवर ती वेलबुट्टी काढायची, काठाला साखळी टाका घालायची, आणि सगळं झालं की एका पानावर मुद्दाम काळ्या दोऱ्याचा एक वाकडा टाका मारायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "तीट आहे ती. बाळाच्या गालावरची पुसली जाते, ही धुतली तरी जात नाही."

तिच्या घराला लागूनच तिची थोरली जाऊ धोंडीबाई राहायची. ओसरी एकच, चुली दोन. धोंडीबाई बारीक, शिस्तीची, मोजकं बोलणारी. तिचा टाका इतका नाजूक की कापडाची उलटी बाजू कोणती नि सुलटी कोणती ते ओळखू येत नसे. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, बाजारपेठेतल्या दुकानात शिपायांचे डगले शिवायचे आणि घरी आले की गप्प बसायचे. कारण या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या.

झालं होतं असं, की एका बारशाला यजमानीण कुंचीचं कौतुक करायला लागली. तेव्हा धोंडीबाई सहज म्हणाली, "आमच्या गोजाचं काम आहे ते. लांबूनही टाके दिसतात म्हणून ओळखू येतं." गोजाबाई हातातलं पेढ्याचं ताट तिथेच ठेवून घरी आली. त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. पण घर एक, विहीर एक आणि मुख्य म्हणजे मोठी कात्री एक. बोलल्याशिवाय कसं चालायचं? मग जामसरहून लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या रामीला दोघींनी मध्ये घातलं. बाजारच्या दिवशी रामी ओसरीवर टेकली की दोन्हीकडून निरोप सुरू व्हायचे.

"रामे, तिला सांग, कात्री जागेवर ठेवत जा म्हणावं."

"रामे, तिला सांग, कात्री जागेवरच आहे. डोळे जागेवर ठेव म्हणावं."

ऐकायला दोघी हाताच्या अंतरावर बसलेल्या. रामी भाकरीचा घास चावत म्हणायची, "आयकलास ना? मंग मी काय सांगू?"

त्या वर्षी पावसाळ्यात राजवाड्याच्या कोठीत उंदरांनी उच्छाद मांडला आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत नगाऱ्याच्या घोड्यावर घालायची जुनी झूल पार कुरतडून टाकली. खाजगीकडचे कारभारी स्वतः शिंपी आळीत आले. धोंडीबाई तेव्हा विहिरीवर होती. कारभाऱ्यांनी लाल मखमलीचे दोन तुकडे गोजाबाईपुढे ठेवले.

"एक बाजू तुम्ही भरा, एक तुमच्या जाऊबाईंना द्या. दोन्हीकडे मोर. मोठा, पिसाऱ्याचा. दिवस थोडे आहेत, म्हणून दोघींना सांगतोय. त्यांच्या कानावर घाला."

"घालते की," गोजाबाई म्हणाली. कसं घालणार, याचा विचार तिने कारभारी गेल्यावर केला.

दुसऱ्या दिवशी रामी आली. गोजाबाईने तिला आत चुलीपाशी नेऊन मखमलीचा तुकडा हाती दिला आणि सगळं समजावलं. रामी ओसरीच्या त्या टोकाला गेली. "गोजाबाय सांगतं, राजाचे घोड्याला झूल करायची. त्यावर पाखरू काढायचा..."

"पुरे," धोंडीबाई म्हणाली. "कारभाऱ्यांनी मला सांगायला हवं होतं. तिच्या तोंडून आलेलं मी ऐकणार नाही."

"आगं, पन कंचा पाखरू ता तरी..."

"पाखरू कोणतं काढायचं ते मला कळतं."

रामीने तुकडा तिच्या मांडीवर ठेवला आणि उरलेली मोळी विकायला निघून गेली. एवढ्याशा निरोपासाठी दोनदा बोलणी खायला तिला वेळ नव्हता.

मग ओसरीच्या मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा लागला. एकीने दुसरीचं बघू नये म्हणून. पडद्याच्या अलीकडे गोजाबाई सोनेरी कलाबतूने पिसारा भरत होती, गाणी म्हणत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पानाचा विडा मागत होती. पलीकडे धोंडीबाई डोळे बारीक करून बसली होती. राजाच्या घोड्याला शोभेल असा पक्षी कोणता, याचा तिने रात्रभर विचार केला होता. पोपट फार लहान पडला असता, आणि मोर तर गोजा पुसायच्या फडक्यावरसुद्धा काढायची. तिची नजर अंगणात उकरत फिरणाऱ्या कोंबड्यावर गेली. काय ती मान, काय तो तुरा! पहाटे सगळ्या गावाला हाच तर उठवतो. देवाला मानाचा तो हाच. धोंडीबाईचं ठरलं.

भरलेले दोन्ही तुकडे जोडायचं काम गोजाबाईच्या नवऱ्याकडे, गोवर्धनकडे, आलं. त्याने दुकानात ते शेजारी शेजारी पसरले आणि तो डोकं खाजवत उभा राहिला. भावाला हाक मारली. भावानेही डोकं खाजवलं.

"सांगायचं?" गोवर्धनने विचारलं.

"कोणाला आधी?" थोरला म्हणाला.

याचं उत्तर दोघांनाही सुचेना, म्हणून त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. झूल जोडली, अस्तर लावलं, घडी घातली आणि मोर वर ठेवून राजवाड्यावर पोचती केली. कारभाऱ्यांनी मोरावरून हात फिरवला आणि "वा!" म्हणून कोठीत पाठवली.

दसऱ्याला सगळं जव्हार रस्त्यावर लोटलं होतं. मोखाड्याकडची, वावर गावची, पार डोंगरापलीकडची माणसं अंगावर नवी फडकी बांधून आली होती. नगारा वाजायला लागला. घोडा डुलत डुलत पेठेत शिरला.

रस्त्याच्या डाव्या अंगाची माणसं म्हणाली, "काय सुरेख मोर आहे!"

उजव्या अंगाची म्हणाली, "काय झक्क कोंबडा आहे!"

"मोर रे, आंधळ्या!"

"तू ये इकडं! तुरा बघ त्याचा!"

डावीकडचे काही जण खात्री करायला उजवीकडे पळाले, उजवीकडचे डावीकडे. रस्त्याच्या मधोमध त्यांची टक्कर झाली आणि मिरवणूक अडली. घोडा बिचकून गोल फिरला, त्यामुळे आता मोरवाल्यांना कोंबडा दिसला नि कोंबडेवाल्यांना मोर, आणि भांडण उलटं सुरू झालं. शिपायांनाही हसू आवरेना.

गोजाबाई डावीकडे उभी होती. आपल्या मोराला कोणीतरी कोंबडा म्हणतंय हे ऐकून तिचं डोकंच फिरलं. पदर खोचून ती गर्दीतून घुसली. त्याच वेळी उजवीकडून धोंडीबाई निघाली होती, कारण तिच्या कोंबड्याला लोक मोर म्हणत होते. दोघी घोड्याच्या तोंडासमोर एकमेकींपुढे उभ्या ठाकल्या.

"हे काय केलंत, जाऊबाई?" गोजाबाई म्हणाली. इतक्या दिवसांनी तिने पहिल्यांदाच सरळ तिच्यापुढे तोंड उघडलं होतं.

"कोंबडा," धोंडीबाई म्हणाली. "तू पाखरू म्हणून निरोप धाडलास."

"मोर सांगितला होता मी!"

"मग पुढचं मी ऐकून घेतलं नाही," धोंडीबाईने कबूल केलं आणि ती घोड्याला वळसा घालून मोरापुढे गेली. पिसाऱ्यावर बोट ठेवून वाकली. "हा डोळा कसा भरलास गं? धागा उचललेला दिसतोय, पण खाली काही नाही."

"आत कापूस आहे," गोजाबाई म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला गेली. "आणि तुमचा हा तुरा? हे रेशीम नव्हे."

"लोकर. पिंजून, मग वळून घेतली."

"आई गं! मला दाखवाल?"

"आधी कापसाचं सांग."

नगारा थांबला होता. कारभारी घामाने डबडबून हात जोडत होते. "बायांनो, घोडा सोडा! सोनं लुटायला जायचंय!" गोजाबाईने झुलीची कड हातात धरूनच त्यांना सांगितलं, "जाल हो, एवढा टाका बघून होऊ दे." हे ऐकून लोक इतके हसले की मागच्या भोयांनाही पालखी खाली टेकवावी लागली.

राजवाड्याने झूल काही बदलली नाही. पुढच्या दसऱ्यापासून डोंगरातली माणसं आवर्जून कोंबड्याच्या बाजूला उभी राहायला लागली आणि पेठेतली मोराच्या. ओसरीतला पडदा निघाला. धोंडीबाईने त्याची गोधडी केली. जावांचं भांडण मात्र संपलं नाही. उलट आता तोंडातोंडी होत असल्यामुळे वाढलंच. कापूस किती घालावा यावरून एक अख्खा चैत्र गेला. पण कामं त्या दोघी कापड ताणायच्या एकाच चौकटीवर, समोरासमोर बसून करायच्या, आणि एकीचा दोरा संपला की दुसरी न मागता पुढे करायची.

पुढच्या पावसाळ्यात रामीला नातू झाला. ती मोळी टेकवून म्हणाली, "माजे नातवाला कुंची पायजे. पन मोर नको नि कोंबडा नको. दोनी बघून मी कटाळली."

"मग काय काढू?" गोजाबाईने विचारलं.

रामीने पदराची गाठ सोडली. आत भाताच्या खाचरातला एक जिवंत, जाडजूड खेकडा होता. "ह्यो. आमच्याकडं ह्याच्यासारका दुसरा काय नाय."

दोघी जावा चौकट बाजूला सारून खाली वाकल्या. "नांग्या साखळी टाक्याने," धोंडीबाई म्हणाली. "छे, भरीव," गोजाबाई म्हणाली आणि तो नीट दिसावा म्हणून बोटाने त्याला जरा पुढे सरकवलं. खेकडा तिरका पळाला, थेट धोंडीबाईच्या लुगड्यावर. धोंडीबाई, जिने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, अशी किंचाळली की समोरच्या घरातलं तान्हं दचकून उठलं, आणि गोजाबाई हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसली.